चालू काम पाहायला बार्सिलोनाला

गुरुवार

एप्रिल २०२४. मुंबईहून आम्ही दोघं आणि पॅरिसहून मुलगी, असे तिघं दुपारी बार्सिलोनात भेटलो. मुलगी तिकडे नोकरीला आहे, त्यामुळे पुढे पॅरिसला जायचंच होतं. पण आधी बार्सिलोना, हा माझा हट्ट. माझी सगळी नोकरी बांधकामांवर गेली. पूल, पाण्याच्या टाक्या, शाळांच्या इमारती. साग्रादा फामिलिया हे चर्च १८८२ पासून बांधलं जातंय आणि अजून अपुरं आहे. मला ते अपुरं असतानाच पाहायचं होतं. परांच्या उतरल्यावर, क्रेन निघून गेल्यावर जाण्यात मला तरी तेवढा अर्थ वाटत नव्हता.

हॉटेल एशाम्पला भागात घेतलं होतं. इल्देफोन्स सेर्दा नावाच्या अभियंत्याने १८५९ मध्ये आखलेला हा भाग. सारखे चौकोनी ठोकळे, आणि प्रत्येक ठोकळ्याचे चारही कोपरे तिरके छाटलेले, त्यामुळे प्रत्येक नाका मोकळा, ऐसपैस. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो तर दोन नाके ओलांडल्यावरच इमारतींच्या वर क्रेन दिसायला लागल्या.

"बाबा, जायचं का जवळ?" मुलीने विचारलं.

नको म्हटलं. सकाळी नऊची वेळ ठरलेली होती, सगळं एकदम उजेडात बघू. जेवून झोपलो.

शुक्रवार

आधी कामाचं सांगतो. तिकीट दारावर मिळेल या भरवशावर इथे कुणी येऊ नये. तारीख आणि वेळ धरून ऑनलाइनच काढावं लागतं, आणि मनोऱ्यावर जायचं असेल तर ते तेव्हाच ठरवावं लागतं. मनोऱ्यासकट माणशी ३६ युरो पडले. रक्कम मोठी आहे. पण ती जाते कुठे हे कळल्यावर मला खटकली नाही, कारण हे चर्च पहिल्यापासून देणग्यांवर उभं राहिलेलं आहे. सरकारचा पैसा यात नाही. जुझेप मारिया बोकाबेल्या या पुस्तकविक्रेत्याने संत योसेफांच्या भक्तांची एक संस्था काढली होती. लोकांनी आपापल्या पापांचं प्रायश्चित्त म्हणून दान द्यावं आणि त्यातून येशू, मेरी, योसेफ या पवित्र कुटुंबाचं मंदिर व्हावं, ही त्याची कल्पना. १९ मार्च १८८२ ला, संत योसेफांच्या सणादिवशी, पायाचा दगड बसला. आज वर्षाला पंचेचाळीस लाखांवर माणसं तिकीट काढून आत येतात आणि काम मुख्यतः त्याच पैशावर चालतं. या चर्चचा प्रसिद्ध वास्तुविशारद गौदी स्वतः म्हातारपणी वर्गणी मागत दारोदार फिरायचा.

पहिला वास्तुविशारद गौदी नव्हता. फ्रान्सिस्को दे पाउला देल व्हिल्यार याने साध्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या जुन्या युरोपीय पद्धतीचा आराखडा केला होता. त्याचं संस्थेशी पटलं नाही, तो बाजूला झाला आणि १८८३ मध्ये काम अंतोनी गौदीकडे आलं. वय एकतीस. १९२६ मध्ये मरेपर्यंत त्याने ते सोडलं नाही.

आम्ही पूर्वेच्या बाजूने, गौदी चौकातल्या तळ्याकडून आलो. ही जन्माची दर्शनी बाजू, म्हणजे येशूच्या जन्माची. सकाळचं ऊन थेट तिच्यावर. पहिल्या नजरेला दगड वितळून ओघळलाय असं वाटतं, मग हळूहळू एकेक गोष्ट सुटी होते. तीन दरवाजे: आशा, प्रेम आणि श्रद्धा. मधल्या दरवाजाच्या वर हिरवं सुरूचं झाड, त्यावर पांढरी कबुतरं. दोन मोठ्या खांबांच्या तळाशी दोन कासवं, समुद्राच्या अंगाला समुद्रातलं, डोंगराच्या अंगाला जमिनीवरचं. गौदी माणसांचे, कोंबड्यांचे, पक्ष्यांचे प्लॅस्टरमध्ये साचे घ्यायचा आणि त्यावरून मूर्ती घडवून घ्यायचा, म्हणून यातले चेहरे आसपासच्या खऱ्या माणसांचे आहेत.

बायको शाळेत चित्रकला शिकवायची. ती दरवाजापाशीच थांबली. हे धातूचे दरवाजे एत्सुरो सोतू या जपानी शिल्पकाराचे. तो १९७८ मध्ये इथे आला आणि इथलाच झाला. सगळा दरवाजा आयव्हीच्या पानांनी भरलेला, आणि पानांच्या आड किडे. "अहो, हा बघा भुंगा," म्हणत ती वाकली. मग मुलीला ठिपकेवाला लाल किडा सापडला, मग एक नाकतोडा. मागून गर्दी पुढे ढकलत होती तरी दोघी हलेनात. वरच्या वाद्यं वाजवणाऱ्या देवदूतांच्या मूर्तीही सोतूच्याच. त्या जागी आधी प्लॅस्टरच्या मूर्ती होत्या, त्या १९३६ च्या दंगलीत फुटल्या.

या बाजूबद्दल एक गोष्ट मला साइटवरचा माणूस म्हणून फार मोठी वाटते. एरवी इमारत पायापासून सगळीकडे सारखी वर नेतात. गौदीने तसं केलं नाही. आपल्या हयातीत हे संपणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून त्याने ही एकच बाजू खालपासून टोकापर्यंत उभी करायला घेतली. सगळीकडे पुरुषभर भिंती ठेवून गेला असता तर पुढच्यांनी त्यावर स्वस्तात छप्पर घालून विषय मिटवला असता. शंभर मीटरच्या आसपास उंच मनोऱ्यांची एक बाजू उभी राहिली की पुढच्या पिढीला मागे फिरता येत नाही. प्रत्यक्षात त्याला या बाजूच्या चारपैकी एकच मनोरा पुरा झालेला दिसला, संत बार्नाबसचा, नोव्हेंबर १९२५ मध्ये. पुढच्या जूनमध्ये तो गेला.

लिफ्टने मनोऱ्यावर गेलो. उतरायचं मात्र पायी, अरुंद गोल जिन्याने. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून तिकीट काढावं. वर गेल्यावर शहर, समुद्र वगैरे दिसतं, पण मी पाहिला तो मधला येशूचा मनोरा. एकूण अठरा मनोरे ठरलेले: बारा प्रेषितांचे म्हणजे येशूच्या शिष्यांचे, चार शुभवर्तमानकारांचे म्हणजे येशूचं चरित्र लिहिणाऱ्यांचे, एक मेरीचा आणि सर्वांत उंच येशूचा, १७२.५ मीटर. आम्ही गेलो तेव्हा मेरीचा मनोरा होऊन वर काचेचा तारा लागला होता, चौघा शुभवर्तमानकारांचेही झाले होते. येशूच्या मनोऱ्याला लागून क्रेन होती आणि माणसं कामावर होती. इथे आता दगडावर दगड रचत नाहीत. शहराबाहेर व्हिक गावाजवळच्या यार्डात दगडांचे मोठे पॅनेल तयार करतात, दगडातून पोलादी सळया ओवून त्या ताणतात, आणि ते पॅनेल ट्रकने आणून क्रेनने जागेवर बसवतात. काँक्रीटचा गर्डर आपण ज्या तत्त्वावर प्रीस्ट्रेस करतो, म्हणजे आतल्या सळया ताणून आधीच दाबून ठेवतो, तेच तत्त्व दगडाला लावलेलं. त्यामुळे भिंत पातळ होते, वजन घटतं, आणि खालच्या पायावर एवढी उंची पेलते. मी तिथे खूप वेळ उभा होतो. (पुढे ३० ऑक्टोबर २०२५ ला हाच मनोरा १६२.९१ मीटरवर पोचला आणि जर्मनीतल्या उल्मच्या चर्चला मागे टाकून हे जगातलं सर्वांत उंच चर्च झालं.)

आत शिरलो आणि बायकोने माझा हात धरला.

मी खांबांबद्दल वाचून गेलो होतो. वाचलेलं काही कामाला येत नाही. जमिनीपासून निघालेले खांब वर जाऊन फांद्या फुटावेत तसे फुटतात, फुटतात तिथे झाडाला असते तशी गाठ, आणि त्या फांद्या पंचेचाळीस मीटरवरचं छत तोलतात. खांब तळाशी तारेच्या आकाराचा. जसजसा वर जातो तसतसे कंगोरे दुप्पट, पुन्हा दुप्पट होत जातात आणि शेवटी तो जवळजवळ गोल होतो. मी एका खांबाला हात लावून कंगोऱ्यावरून बोट वर नेलं. एक कंगोरा डावीकडे वळतो, शेजारचा उजवीकडे. आकार सुचलाय एका माणसाला, पण तो दगडात उतरवलाय पाथरवटांनी, यंत्राने आणि हातानेही, आणि सांध्यात कुठे नख शिरत नाही.

ज्या खांबावर जेवढा भार तेवढा कठीण दगड, असा हिशेब आहे. कमी भाराला मोंजुइक टेकडीचा वालुकाश्म, मग ग्रॅनाइट, मग बेसॉल्ट, आणि मधोमध सर्वांत मोठ्या भाराला तांबूस जांभळी पॉर्फिरी. काळसर बेसॉल्टच्या खांबापाशी आम्ही तिघंही आपोआप थांबलो. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तो दगड ओळखायला पाटी लागत नाही. अजिंठ्याचं चोविसाव्या क्रमांकाचं लेणं मला तिथे आठवलं. ते अर्धवट राहिलंय, आणि म्हणूनच लेणी कशी खोदत हे तिथे जेवढं कळतं तेवढं पुऱ्या झालेल्या सुंदर लेण्यात कळत नाही.

खांब तिरके, फांद्या तिरक्या, म्हणून भार सरळ त्यांच्यातूनच जमिनीत उतरतो. जुन्या गॉथिक चर्चना भिंती बाहेर फाकू नयेत म्हणून बाहेरून दगडी टेकू द्यावे लागत. इथे एकही नाही.

पूर्वेच्या खिडक्या निळ्या-हिरव्या, पश्चिमेच्या पिवळ्या, नारिंगी, लाल. जुआन व्हिला-ग्राऊ या कलावंताचं हे काम, १९९९ पासूनचं. सकाळी आत निळसर उजेड होता. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत येता येत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम रेंगाळलो, बाकावर बसलो, तळघरातल्या संग्रहालयात जाऊन आलो. दुपार कलली तशी पश्चिमेकडची बाजू पेटली. खांबांवर केशरी रंग चढला, समोरच्या बाईच्या पांढऱ्या केसांवर चढला, फरशीवर सांडला. बायको म्हणाली, "मुलांना मी रंगचक्र शिकवायचे, उष्ण रंग, शीत रंग. हे दाखवायला मिळालं असतं तर एका तासात समजलं असतं."

आता संग्रहालयाबद्दल. घाईतले लोक तिथून सरसर जातात, पण माझ्या मते या जागेचा जीव तिथे आहे. जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा जमावाने तळघराला आग लावली, गौदीचा वर्कशॉप जाळला, त्याचे नकाशे गेले, प्लॅस्टरची मॉडेलं फोडून तुकडे केले. गौदीला जाऊन दहा वर्षं झाली होती. कुठल्याही साइटवर नकाशे गेले तर काम बंद पडतं. इथे त्याच्या साहाय्यकांनी आणि शिष्यांनी ते तुकडे गोळा केले आणि जोडायला घेतले. काचेच्या मागे एक मॉडेल आहे, त्यात जुने तुकडे पिवळट दिसतात आणि मधला भरलेला भाग पांढरा. एकेक तुकडा कुठला हे शोधायला किती वर्षं गेली असतील! फुटलेल्या तुकड्यांवरून आकाराचं गणित सापडलं, कारण गौदीचे आकार मनमानी नव्हते. ते सरळ रेषांपासून तयार होणारे वक्र पृष्ठभाग होते, आणि थोडा भाग हाती असला तर बाकीचा गणिताने काढता येतो. मार्क बरी हा न्यूझीलंडचा वास्तुविशारद १९७९ मध्ये तरुणपणी इथे आला आणि पुढे त्याने विमानं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर या चर्चच्या कामाला लावलं. शेजारीच काचेतून आजचा मॉडेलचा वर्कशॉप दिसतो. एक माणूस प्लॅस्टरच्या मनोऱ्याला कानस मारत होता.

१९६५ मध्ये काही नामवंत वास्तुविशारदांनी आणि कलावंतांनी जाहीर पत्र काढलं होतं की आता हे काम थांबवा, गौदी नाही तर ही त्याची इमारत नाही. चंदीगड आखणारे ल कॉर्बुझिए यांचीही सही त्यावर होती. मोठी माणसं होती, पण माझ्या मते ती चुकली. मरताना गौदीने या इमारतीचा लहानसा भाग पुरा केलेला होता, पाव हिश्शापेक्षाही कमी. बाकीचं जे आम्ही पाहिलं, ते छत, त्या खिडक्या, ते मनोरे, हे सुग्रान्येस, किंताना, पुइग इ बुआदा, बोनेट पितापुत्र, आणि २०१२ पासून जोर्दी फाउली या वास्तुविशारदांनी आणि त्यांच्या हाताखालच्या शेकडो माणसांनी केलंय. टूर गाइड गौदी गौदी करतात. या बाकीच्यांची नावं फारसं कुणी घेत नाही, म्हणून मी इथे मुद्दाम लिहितोय.

पश्चिमेच्या दरवाजाने बाहेर पडलो. ही येशूच्या यातनांची बाजू. हाडांसारखे तिरपे खांब आणि जुझेप मारिया सुबिराक्सच्या कोनाकोनांच्या, कोरड्या मूर्ती. १९८७ पासून तो यावर काम करत होता. दगडात सोळा घरांचा एक अंकांचा चौकोन कोरलाय, कुठूनही बेरीज करा, तेहतीस येते, येशूचं मरतेवेळचं वय. बायकोला ही बाजू आवडली नाही. "तिकडे किड्यालासुद्धा माया होती," ती म्हणाली. मला आवडली. सुबिराक्सने गौदीची नक्कल केली असती तर ती फसवणूक ठरली असती, आणि यातनांच्या बाजूला माया कशाला? यावर आमचं जेवणाच्या टेबलापर्यंत बोलणं चाललं.

शनिवार

आजचा कार्यक्रम बऱ्याच प्रवाशांच्या यादीत नसतो, पण मी म्हणेन की साग्रादा फामिलिया पाहायचं असेल तर कोलोनिया ग्वेल चुकवू नये. प्लासा एस्पान्याहून लोकल ट्रेन जाते, अर्ध्या तासाच्या आत पोचलो. स्टेशनवरून निळी पावलं रंगवलेली आहेत, ती धरून चालत राहायचं.

एउसेबी ग्वेल या कापड गिरणीच्या मालकाने गिरणी शहराबाहेर हलवली आणि कामगारांसाठी इथे वसाहत वसवली. विटांची घरं झाली, शाळा झाली, आणि चर्च बांधायचं काम त्याने गौदीला दिलं. गौदीने १९०८ ला सुरुवात केली. त्याआधी दहा वर्षं तो एका शेडमध्ये दोऱ्या टांगत बसला होता. दोरी दोन टोकांना बांधली की मधे झोळ पडतो. तो झोळ म्हणजे दोरीने आपल्या वजनाला शोधलेला सर्वांत सोपा आकार, त्यात नुसता ताण असतो. तोच आकार उलटा केला की कमान, आणि तिच्यात नुसता दाब. दगडाला दाबच सोसतो, ताण सोसत नाही. कॉलेजात आमच्या सरांनी फळ्यावर हे एका साखळीने दाखवलं होतं. गौदीने अख्ख्या चर्चचं दहास एक मापाचं मॉडेल असं उलटं टांगलं आणि प्रत्येक दोरीला त्या भागावर येणाऱ्या भाराच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढ्या छऱ्यांच्या पिशव्या लावल्या. एक दोरी हलवली की सगळ्या हलायच्या आणि नवा समतोल साधायच्या. कॉम्प्युटर आज जे करतो ते तो ओळंब्याच्या दोरीने करत होता. त्याची प्रतिकृती साग्रादाच्या संग्रहालयात आहे, खाली आरसा ठेवलाय. आरशात पाहिलं की मनोरे सरळ दिसतात.

या चर्चचं फक्त तळघर झालं. १९१४ मध्ये ग्वेल कुटुंबाने पैसे देणं थांबवलं, गौदी निघून गेला, वरचं चर्च कधी झालंच नाही. ज्या जिन्याने वर जायचं तो आज एका उघड्या गच्चीवर नेतो.

आत मात्र मी नुसता फिरत राहिलो. मधे बेसॉल्टचे चार तिरके खांब. दगड ओबडधोबडच ठेवलेले, घडवून गुळगुळीत केलेले नाहीत, आणि त्यांच्या सांध्यात शिसं ओतलेलं. बाकीचे विटांचे, एकाचाही कोन दुसऱ्यासारखा नाही. वर विटांच्या फासळ्या पसरलेल्या. कुठल्याही मुकादमाने असा तिरका खांब पाहिला तर पहिल्यांदा ओळंबा काढेल, पण इथे भार त्याच तिरक्या रेषेतून येतोय आणि शंभर वर्षं झाली, खांब ढळलेला नाही. खिडक्यांच्या जाळ्या गिरणीतल्या मागाच्या टाकाऊ सुयांच्या केल्यात. कामगारांचं चर्च, त्यांच्याच यंत्राच्या सुया! हे मला साग्रादाच्या सगळ्या शिल्पांइतकंच मोलाचं वाटलं.

तिरके खांब, झाडासारखा भार उतरवणं, वक्र पृष्ठभाग, हे सगळं गौदी इथे शिकला आणि तिथे वापरलं. एकाच माणसाची ही दोन अपुरी चर्चं. इथे देणारा एकटा होता, त्याने हात आखडला आणि काम कायमचं थांबलं. तिथे देणारे असंख्य होते, त्यामुळे युद्धात थांबलं, पैसे संपल्यावर थांबलं, तरी पुन्हा चालू होत राहिलं.

परत येऊन दुपारी रावाल भागातल्या सांता क्रेउ या जुन्या हॉस्पिटलच्या आवारात गेलो. ७ जून १९२६ ला गौदी नेहमीप्रमाणे साइटवरून सांत फेलिप नेरीच्या चर्चकडे चालत निघाला असताना ट्रामखाली आला. कपडे इतके जुने की लोकांना तो भिकारी वाटला. त्याला इथे आणलं, ओळख पटली दुसऱ्या दिवशी, आणि १० जूनला तो गेला. आता इमारतीत कॅटलोनियाचं ग्रंथालय आहे. अंगणात संत्र्याची झाडं आहेत, विद्यार्थी डबे उघडून बसले होते.

संध्याकाळी सांता मारिया देल मार पाहिलं. बंदरातल्या हमालांनी मोंजुइकवरून पाठीवर दगड वाहून आणलेलं चर्च, १३२९ ला सुरू आणि १३८३ ला पुरं. दरवाजावर दगड वाहणारे हमाल कोरलेत. इथे फार वेळ मिळाला नाही, बंद व्हायची वेळ झाली होती.

रविवार

साग्रादाचं मूळ तळघर म्हणजे आजही त्या भागातल्या लोकांचं रोजचं चर्च. हा भाग १८८९ मध्ये पुरा झाला. तिथे प्रार्थनेला जायला तिकीट लागत नाही, वेगळं दार आहे. आम्ही सकाळी गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. वर रोज हजारो लोक फोन उंचावून फिरतात, आणि खाली शेजारपाजारची पन्नास-साठ माणसं, बरीचशी वयस्क. एकीने आम्हाला सरकून जागा दिली. शब्द कळत नव्हते. उठायची, बसायची वेळ तिच्याकडे पाहून साधली. प्रार्थना संपल्यावर बाजूच्या कार्मेल मातेच्या कक्षात गौदीची कबर पाहिली. साधी शिळा, पुढे मेणबत्त्या. एक आजोबा आले, शिळेला हात लावला आणि निघून गेले. पोप फ्रान्सिस यांनी एप्रिल २०२५ मध्ये गौदीला आदरणीय म्हणून जाहीर केलं, संतपदाकडची ती एक पायरी. इथल्या लोकांनी बहुधा त्याची वाट पाहिली नसावी.

दुपारी मोंजुइकवर गेलो. बार्सिलोनाच्या किती तरी जुन्या इमारती या टेकडीच्या दगडाच्या आहेत. खाणी कधीच्या बंद झाल्या, आता साग्रादाला दगड बाहेरच्या देशांतूनही आणावा लागतो. वरून पाहताना कळतं की गौदीने येशूच्या मनोऱ्याची उंची अशी का ठरवली. ती या टेकडीपेक्षा थोडी कमी आहे. टेकडी देवाने केली, माणसाचं काम तिच्यावर जाऊ नये. मुलगी म्हणाली, "आजच्या बिल्डरांना सांगा हे."

सोमवार

पॅरिसची गाडी दुपारची होती. सकाळी सामान बांधून मी आणि मुलगी पुन्हा चर्चच्या दक्षिणेला, मायोर्का रस्त्यावर गेलो. इथे व्हायची आहे ती तिसरी, मुख्य बाजू, वैभवाची. आम्ही पाहिलं तेव्हा इथे फार थोडं उभं होतं. चर्चची जमीन रस्त्यापेक्षा उंचावर आहे, म्हणून आराखड्यात मोठा जिना आहे, आणि तो रस्ता ओलांडून समोरच्या ठोकळ्यावर उतरतो. त्या ठोकळ्यात लोक राहतात. खाली दुकानं, वर बाल्कन्या, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे. जिना व्हायचा तर शेकडो कुटुंबांना घरं सोडावी लागतील. वर्षानुवर्षं हा वाद चालू आहे. चर्चला अधिकृत बांधकाम परवानासुद्धा महापालिकेकडून २०१९ मध्ये मिळाला. गौदीने अर्ज १८८५ मध्ये केला होता, सांत मार्ती दे प्रुवेन्साल्स या तेव्हाच्या वेगळ्या गावाकडे.

माझं मत मी मुलीला तिथेच सांगितलं. दानावर बांधलेल्या मंदिरासाठी कुणाचं घर मोडू नये. गौदी एवढा जिद्दीचा, एवढा हिशेबी, त्याच्या मागून आलेल्यांनी फुटक्या प्लॅस्टरमधून अख्खी इमारत उभी केली. ते दुसरा जिनाही शोधू शकतील.

"पण बाबा, मुख्य दरवाजासमोर जिनाच नसेल तर तो उघडणार कसा? आणि गौदीच्याच आराखड्यातला जिना आहे असं ते म्हणतात."

"आराखडा साइटवर बदलतो. या साइटवर तर कितीदा बदललाय."

तिला ते पटलं नाही. सान्त्स स्टेशनवर गाडी सुटली आणि बोगद्यात शिरली. फ्रान्सकडे जाणाऱ्या जलद गाड्यांचा हा बोगदा त्याच मायोर्का रस्त्याखालून, चर्चच्या पायाला खेटून जातो. खोदाईच्या वेळी मोठा विरोध झाला होता, पाया खचेल म्हणून. मग बोगदा आणि पाया यांच्यामध्ये खोल पाइल्सची, म्हणजे जमिनीत उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांची, भिंत घातली, हादरे मोजायची उपकरणं लावली, आणि २०१३ पासून गाड्या धावतायत. चर्चला तडा गेला नाही. मुलगी म्हणाली, हे जमलं तर जिन्याचंही जमेल, त्या लोकांना त्याच भागात चांगली घरं दिली तर. मी म्हटलं, आधी त्यांना विचारलं पाहिजे. फिगेरेसपर्यंत आम्ही त्याच्यावरच बोलत होतो, आणि बायको चित्रांची वही काढून त्या भुंग्याचं रेखाटन पुरं करत होती.